व्हिएतनामचा बौद्ध संघ : नेतृत्व कोण ठरवते, कारभार कोण पाहते?

मे २०२५ मध्ये सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातील तथागतांच्या पवित्र अस्थी व्हिएतनामला दर्शनासाठी नेण्यात आल्या. हो ची मिन्ह शहरात त्याच वेळी संयुक्त राष्ट्रांच्या वेसाक दिनाचा सोहळा झाला. लाखो लोकांनी रांगा लावून दर्शन घेतले आणि नियोजित मुक्काम वाढवावा लागला. या सगळ्याचा यजमान होता 'व्हिएतनाम बौद्ध संघ' ही तिथली शासनमान्य संस्था.

पण व्हिएतनाममध्ये बौद्धांची एवढी एकच संघटना आहे असे नाही. याच देशात १९६४ साली स्थापन झालेली दुसरी एक संघटना आहे. तिला आजचे शासन मान्यता देत नाही आणि तिच्या प्रमुखांनी अनेक वर्षे तुरुंगात व नजरकैदेत काढली. जगभर ज्यांची पुस्तके वाचली जातात ते थिच न्हात हान्ह याच मातीतले. त्यांनी देशाबाहेर तिसऱ्याच पद्धतीने संघ उभा केला. एका देशात, एका धम्मात, सुमारे साठ वर्षांच्या काळात नेतृत्वाच्या तीन वेगळ्या रचना कशा तयार झाल्या, त्यातली कोणती कुठे टिकली आणि कुठे तुटली, हे या लेखात पाहू. विहार समितीपासून राष्ट्रीय संघटनेपर्यंत 'अध्यक्ष कोण' हा वाद आपल्यालाही नवा नाही, म्हणून ही माहिती उपयोगी पडेल.

आधी थोडी ओळख

व्हिएतनामी भिक्खूंच्या नावाआधी 'थिच' लागते. ते आडनाव नाही आणि पदवीही नाही. 'थिच' म्हणजे शाक्य. दीक्षा घेतली की घराण्याचे नाव सुटते आणि भिक्खू-भिक्खुणी शाक्यमुनींच्या कुळातले होतात.

तिथला बहुसंख्य समाज महायान परंपरेचा आहे. ध्यान आणि सुखावती या दोन्ही साधना तिथे एकत्र नांदतात. दक्षिणेला मेकाँग नदीच्या खोऱ्यात ख्मेर लोकांचा थेरवाद आहे. तिसरा प्रवाह 'खात सी', म्हणजे भिक्षाटन करणाऱ्यांचा. १९४० च्या दशकात मिन्ह दांग क्वांग यांनी थेरवाद आणि महायान यांचा मेळ घालून तो सुरू केला. या तिन्ही प्रवाहांना एका छताखाली आणणे हाच तिथल्या संघटनेपुढचा पहिला प्रश्न होता.

संघटनेची गरज का पडली?

फ्रेंच राजवटीत बौद्ध विहार गावोगावी विखुरलेले होते. प्रत्येक विहाराचा आपला गुरू आणि आपली परंपरा. वरून जोडणारे असे काही नव्हते. १९३० च्या दशकात पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाली. दक्षिणेत १९३१, मध्य भागात १९३२ आणि उत्तरेत १९३४ साली बौद्ध अध्ययन संस्था निघाल्या. त्यांत उपासकांचा वाटा मोठा होता. हुए शहरातील संस्थेचे नेतृत्व ले दिन्ह थाम या डॉक्टरांकडे होते. मुलामुलींसाठी पुढे जी 'बौद्ध कुटुंब' नावाची युवक चळवळ वाढली, तिची मुळेही त्यांच्याच कामात आहेत.

१९५० साली बाओ दाई यांच्या सरकारने दहा क्रमांकाचा वटहुकूम काढला. त्यानुसार बौद्ध संस्था कायद्याच्या दृष्टीने एखाद्या साध्या मंडळासारख्या ठरल्या. त्यांच्या मालमत्तेवर आणि कामावर बंधने आली. कॅथलिक चर्चला मात्र यातून सूट होती. पुढे न्गो दिन्ह दिएम यांच्या राजवटीतही हा वटहुकूम कायम राहिला. धर्माचा दर्जा कायद्याने कमी लेखला की त्याच्या संस्था कशा दुबळ्या होतात, याचे हे सरळ उदाहरण आहे.

मे १९५१ मध्ये हुएच्या तू दाम विहारात तिन्ही प्रांतांतील तीन भिक्खू संघ आणि तीन उपासक संघटना अशा सहा संस्थांनी एकत्र येऊन महासंघ स्थापन केला. पण तो ढिला होता. प्रत्येक संस्था आपापल्या जागी स्वतंत्रच राहिली.

खरी एकजूट झाली १९६३ मध्ये. हुएमध्ये कॅथलिक समारंभासाठी व्हॅटिकनचे झेंडे लागले होते. त्यानंतर काही दिवसांतच आलेल्या बुद्धजयंतीला मात्र बौद्ध ध्वज लावण्यास मनाई झाली. ८ मे रोजी जमलेल्या लोकांवर सुरक्षा दलांनी कारवाई केली आणि त्यात माणसे मेली. बौद्धांनी पाच मागण्या मांडल्या. ध्वजाचा हक्क, कॅथलिकांइतकाच कायदेशीर दर्जा, अटकसत्र थांबवणे, धम्म आचरण्याचे व प्रसाराचे स्वातंत्र्य आणि मृतांच्या कुटुंबांना भरपाई. ११ जून १९६३ रोजी थिच क्वांग डुक यांनी सायगावच्या चौकात आत्मदहन केले. ते छायाचित्र जगभर गेले. नोव्हेंबरात दिएम यांची राजवट उलथली गेली.

१९६४ : दोन मंडळांची घटना

दिएम गेल्यानंतर दोन महिन्यांतच, डिसेंबर १९६३ अखेर ते जानेवारी १९६४ आरंभ या काळात, सायगावच्या शा लोई विहारात अधिवेशन भरले. महायान आणि थेरवाद मिळून अकरा संघटना व पंथ एकत्र आले. त्यातून 'एकीकृत व्हिएतनाम बौद्ध संघ' जन्माला आला.

या संघाने लिखित घटना केली आणि अधिकार दोन मंडळांत विभागले.

पहिले मंडळ 'व्हिएन तांग थोंग', म्हणजे संघराजांचे मंडळ. यात वयाने आणि वर्षावासांनी ज्येष्ठ भिक्खू असत. प्रमुख म्हणजे संघराज. विनय, दीक्षा, परंपरा यांबाबतचा शेवटचा शब्द त्यांचा. हे मंडळ रोजच्या कारभारात पडत नसे. पहिले संघराज थिच तिन्ह खिएत यांनी १९७३ पर्यंत ही जबाबदारी सांभाळली.

दुसरे मंडळ 'व्हिएन होआ दाओ', म्हणजे धम्मप्रसार मंडळ. सगळा कारभार याच्याकडे होता. संघाचे व्यवहार, धम्मप्रचार, उपासक, युवक, शिक्षण, समाजकार्य, अर्थ आणि बांधकाम असे विभाग होते. प्रांतोप्रांती प्रतिनिधी मंडळे होती. ठरावीक काळाने महासभा भरून कार्यकारिणी निवडायची असे ठरले. पहिले प्रमुख थिच ताम चाऊ.

म्हणजे नैतिक अधिकार एका हातात आणि कारभार दुसऱ्या हातात. ज्येष्ठांचा मान राखायचा, पण हिशेब, शाळा, बांधकामे, शासनाशी बोलणी यांत त्यांना ओढायचे नाही. आणि कारभार पाहणाऱ्यांना धम्माचा अर्थ ठरवण्याचा अधिकार द्यायचा नाही. या रचनेचा परिणाम लगेच दिसला. वान हान्ह विद्यापीठ उभे राहिले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या खेड्यांत काम करण्यासाठी थिच न्हात हान्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजसेवेसाठी युवकांची शाळा चालवली. तिथली मुले-मुली गावात राहून दवाखाने, शाळा आणि घरे पुन्हा उभी करत होती.

फूट कशी पडली?

घटना चांगली होती, तरी दोन वर्षांतच संघ दुभंगला. १९६६ मध्ये हुए आणि दा नांग भागात लष्करी सरकारविरुद्ध मोठे आंदोलन झाले. निवडणुका घ्या, मुलकी सरकार आणा ही मागणी होती. थिच त्री क्वांग हे आंदोलनाच्या बाजूने ठाम होते. थिच ताम चाऊ यांना सरकारशी इतका संघर्ष नको होता. सरकारने बळाने आंदोलन मोडले. संघात आन क्वांग विहाराचा गट आणि राष्ट्रीय विहाराचा गट असे दोन गट झाले.

सरकारने या फुटीचा फायदा घेतला. १९६७ साली न्गुएन वान थिएउ यांनी राष्ट्रीय विहाराच्या गटाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. एकाच नावाच्या संघाच्या दोन घटना झाल्या. एक शासनमान्य, एक बहुसंख्य अनुयायांची. राजकीय भूमिकेवरून मतभेद झाला तर निवाडा कोणी करायचा, याची सोय मूळ रचनेत पुरेशी नव्हती. संघराजांचा नैतिक अधिकार मोठा होता, पण कार्यकारिणीतील दोन बलवान व्यक्तींना एका टेबलावर बसवण्याची यंत्रणा नव्हती. जिथे अशी यंत्रणा नसते तिथे निवाडा करायला सरकार पुढे येते, आणि ते स्वतःच्या सोयीचा निवाडा करते.

१९८१ : शासनमान्य संघ

१९७५ मध्ये युद्ध संपले आणि देश एक झाला. ४ ते ७ नोव्हेंबर १९८१ या काळात हनोईच्या क्वान सू विहारात परिषद भरली. नऊ संघटनांचे १६५ प्रतिनिधी होते. उत्तरेकडील संघटना, दक्षिणेतील विविध पंथ, थेरवादी, ख्मेर भिक्खू, खात सी असे सगळे होते. त्यातून 'व्हिएतनाम बौद्ध संघ' स्थापन झाला. ब्रीद ठरले : धम्म, राष्ट्र, समाजवाद.

वरून पाहिले तर रचना जुनीच वाटते. इथेही दोन मंडळे आहेत. 'साक्षी मंडळ' हे ज्येष्ठ भिक्खूंचे. त्याचे प्रमुख 'फाप चू', म्हणजे धम्माचे अधिपती. 'कार्यकारी मंडळ' कारभार पाहते. त्याखाली संघव्यवहार, शिक्षण, धम्मप्रचार, उपासक मार्गदर्शन, विधी, संस्कृती, अर्थ, समाजसेवा, आंतरराष्ट्रीय संबंध, तपासणी, कायदा अशा समित्या आहेत. केंद्र, प्रांत आणि त्याखालचा स्थानिक स्तर अशी उतरंड आहे. दर पाच वर्षांनी राष्ट्रीय अधिवेशन भरते. नववे अधिवेशन नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले.

भिक्खूंचे दर्जेही नियमाने ठरलेले आहेत. उपसंपदा झालेला भिक्खू 'दाई दुक'. वय ४५ आणि २५ वर्षावास झाले की 'थुओंग तोआ' होता येते. वय ६० आणि ४० वर्षावास झाले की 'होआ थुओंग'. भिक्खुणींसाठी वेगळी नावे आहेत. व्हिएतनाममध्ये भिक्खुणी संघ अखंड चालू आहे. २००९ पासून संघव्यवहार समितीखाली भिक्खुणींचा स्वतंत्र विभागही आहे.

शिक्षणाची व्यवस्था भक्कम आहे. हनोई, हुए आणि हो ची मिन्ह शहरात बौद्ध विद्यापीठे आहेत. कान थो येथे ख्मेर थेरवादासाठी वेगळी संस्था आहे. १९८१ नंतर हे काम सातत्याने वाढले, हे श्रेय द्यावेच लागेल.

फरक आहे तो संघ आणि शासन यांच्या नात्यात. हा संघ 'फादरलँड फ्रंट' या कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय आघाडीचा सदस्य आहे. काही भिक्खू राष्ट्रीय सभेवर निवडून गेले आहेत. २०१६ चा श्रद्धा व धर्मविषयक कायदा १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. धार्मिक संघटनेला मान्यता घ्यावी लागते आणि पदाधिकाऱ्यांची निवड व वार्षिक कार्यक्रम यांची माहिती शासनाला द्यावी लागते. बौद्धांपुरती मान्यता या एका संघाला आहे, त्यामुळे त्याबाहेर राहून भिक्खू म्हणून वावरणे अवघड होते.

२०२४ मध्ये हे सगळ्या देशाने पाहिले. मिन्ह तुए नावाचे एक साधक अनवाणी, चिंध्यांचे चीवर घालून, हातात भाताच्या कुकरचे भांडे घेऊन देशभर पायी फिरत होते. ते पैसे घेत नसत. रस्त्यात लोक हजारोंनी जमू लागले. मे महिन्यात संघाने जाहीर केले की ते आमचे भिक्खू नाहीत. ते स्वतःही तेच सांगत होते की आपण फक्त शिकत आहोत. जूनमध्ये त्यांची पदयात्रा थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये ते भारताच्या दिशेने चालायला देशाबाहेर पडले. संघाची घोषणा कागदोपत्री बरोबर होती. पण लोकांची श्रद्धा पदाच्या यादीवरून ठरत नाही, हेही दिसून आले.

मृत्युपत्रातून चालणारे नेतृत्व

१९८१ चा संघ होताना १९६४ चा संघ मोडीत निघाला, असे शासन मानते. धम्मप्रसार मंडळाचे तेव्हाचे प्रमुख थिच त्री थू हेच नव्या संघाच्या कार्यकारी मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. पण थिच हुएन क्वांग आणि थिच क्वांग दो यांनी विलीनीकरण नाकारले. संघाचे अस्तित्व संघाने ठरवावे, शासनाने नव्हे, ही त्यांची भूमिका होती. १९८२ मध्ये दोघांनाही सायगावबाहेर दूर ठेवण्यात आले. पुढची अनेक वर्षे तुरुंग, स्थानबद्धता आणि नजरकैद यांत गेली.

यातून कारभाराचा एक अवघड प्रश्न उभा राहिला. महासभा भरवता येत नाही, निवडणूक घेता येत नाही, कार्यालय नाही. मग नेता निवडायचा कसा? उत्तर सापडले ते मृत्युपत्रात. १९९२ मध्ये थिच दोन हाऊ गेले तेव्हा जबाबदारी हुएन क्वांग यांच्याकडे आली. २००८ मध्ये ते गेले तेव्हा क्वांग दो पाचवे संघराज झाले. २२ फेब्रुवारी २०२० रोजी क्वांग दो यांचे निधन झाले आणि सूत्रे थिच तुए सी यांच्याकडे आली. तुए सी हे मोठे विद्वान. १९८८ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली होती, ती नंतर कमी झाली आणि १९९८ मध्ये ते सुटले. २४ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचेही निधन झाले.

मृत्युपत्राने परंपरा जिवंत ठेवली, यात शंका नाही. पण त्याची किंमतही आहे. निवड करणारी सभा नसली की पुढच्या पिढीला आपले मत नोंदवायला जागा उरत नाही. परदेशात असलेल्या शाखांमध्ये खरा वारस कोण यावरून मतभेद झाले. दडपशाहीखाली असलेल्या संघटनेत लोकशाही पद्धत सगळ्यात आधी मरते, ती अशी.

प्लम व्हिलेज : वारस नेमायचा नाही

तिसरी रचना थिच न्हात हान्ह यांची. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांनी 'तिएप हिएन' हा संप्रदाय सुरू केला. पहिले सदस्य सहा होते, तीन पुरुष आणि तीन स्त्रिया, सगळे समाजसेवेच्या शाळेतले तरुण कार्यकर्ते. चौदा शिक्षापदे ठरली. पहिलेच शिक्षापद सांगते की कोणत्याही मताला, अगदी बौद्ध मतालाही, अंधपणे चिकटून राहू नये. त्याच वर्षी न्हात हान्ह शांततेचे आवाहन करायला परदेशी गेले आणि त्यांना मायदेशी परतता आले नाही. १९८२ मध्ये त्यांनी भिक्खुणी चान खोंग यांच्यासह फ्रान्सच्या नैऋत्येला प्लम व्हिलेज उभे केले.

इथे संघराज नाही. भिक्खू आणि भिक्खुणींच्या वेगवेगळ्या वस्त्या आहेत आणि आपापल्या वस्तीचे निर्णय तिथली परिषद घेते. पद्धत विनयातल्या संघकर्माची. प्रस्ताव सगळ्यांसमोर मांडायचा आणि सहमती घ्यायची. अनुभवी साधकांना 'दीप' देऊन धम्माचार्य केले जाते आणि धम्माचार्यांचीही परिषद असते. उपासकसुद्धा धम्माचार्य होतात. रुसवेफुगवे मिटवण्यासाठी 'नव्याने सुरुवात' नावाची ठरलेली पद्धत आहे. आधी समोरच्याचे चांगले सांगायचे, मग स्वतःच्या चुका, मग दुखावलेले मन. शिवाय प्रत्येकाने एका सहसाधकाची काळजी घ्यायची, त्याला 'दुसरे शरीर' म्हणतात. जगभरातील उपासकांचे स्थानिक संघ स्वतंत्रपणे चालतात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये न्हात हान्ह यांना मेंदूचा झटका आला आणि बोलणे बंद झाले. २०१८ मध्ये ते हुएच्या तू हिएउ विहारात परतले आणि २२ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. म्हणजे सात वर्षे प्रमुख बोलू शकत नव्हते, तरी संघ चालला. कारण त्यांनी एक वारस नेमण्याऐवजी संघालाच वारस मानले होते. तथागतांनीही महापरिनिर्वाणाच्या वेळी एखाद्या व्यक्तीला गादीवर बसवले नाही. धम्म आणि विनय हाच शास्ता असेल असे सांगितले.

मात्र या रचनेचीही मर्यादा मायदेशात उघडी पडली. २००५ मध्ये न्हात हान्ह यांना भेटीची परवानगी मिळाली आणि लाम दोंग प्रांतातील बात न्हा विहारात त्यांचे तरुण शिष्य राहू लागले. विहार त्यांच्या नावावर नव्हता. तो शासनमान्य संघाच्या एका भिक्खूच्या ताब्यात होता. पुढे संबंध बिघडले, पाठिंबा काढून घेतला गेला आणि सप्टेंबर २००९ मध्ये जमाव आणून सुमारे ४०० भिक्खू-भिक्खुणींना बाहेर काढण्यात आले. सहमती, ध्यान, प्रेमळ वाणी हे सगळे होते, पण जागेचा कागद दुसऱ्याच्या हाती होता.

आपल्यासाठी यात काय आहे?

बाबासाहेबांनी ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. संघाने समाजसेवा केली पाहिजे, फक्त स्वतःच्या मुक्तीत गुंतून राहू नये, हे त्यांनी १९५० च्या आपल्या लेखातच बजावले होते. पण त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आपली बरीच शक्ती पदांच्या वादात गेली, हे नाकारता येणार नाही. वस्तीतले विहारही सुटलेले नाहीत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, पण चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे दाखलच नाही. विश्वस्त वारले तरी कागदावर तेच आहेत. दोन समित्या एकाच विहारावर दावा सांगतात आणि शेवटी विहाराला कुलूप लागते.

बोधगयेचा प्रश्नही कारभाराचाच आहे. १९४९ च्या कायद्यानुसार महाबोधी महाविहाराच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी असतात. २०२५ मध्ये भिक्खूंनी उपोषण करून हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. व्हिएतनामचा अनुभव सांगतो की मागणी 'व्यवस्थापन बौद्धांकडे द्या' एवढ्यावर थांबू नये. ते मिळाल्यावर ज्येष्ठ भिक्खूंचे स्थान काय, हिशेब कोण तपासणार, भिक्खुणी आणि उपासिका कुठे असतील, मतभेद झाला तर निवाडा कोण करणार, याचा मसुदा आपल्याकडे आधीच तयार हवा.

छोट्या पातळीवर हे आजच करता येईल. प्रत्येक विहार समितीने येत्या वर्षावासात एक बैठक फक्त चार गोष्टींसाठी घ्यावी. विहाराची जागा कोणाच्या नावावर आहे ते सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर पाहावे. विश्वस्तांची यादी अद्ययावत करून चेंज रिपोर्ट दाखल करावा. समितीची मुदत आणि निवडीची पद्धत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, त्यात महिला व तरुणांच्या जागा ठरवाव्यात. आणि वाद झाला तर कोर्टात जाण्याआधी ज्यांच्याकडे जायचे अशा, समितीबाहेरच्या तीन विश्वासू माणसांची नावे ठरवून ठेवावीत. १९६६ मध्ये सायगावच्या संघाकडे ही शेवटची सोय नव्हती, आणि त्यांचा निवाडा सरकारने केला.